बिल्ड पनवेलला, सर्व्हर धाटावला: पाथ लिहिताना काय करावं, काय टाळावं

सॉफ्टवेअर तयार होतं एका मशिनवर आणि चालतं दुसऱ्यावर. पनवेल, वाशी किंवा पुण्यात बसलेली चार-पाच जणांची टीम पेणच्या मूर्तिशाळेसाठी मागणीनोंदीचं ॲप लिहिते, नाहीतर रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यासाठी प्रयोगशाळेचे अहवाल काढणारं. बिल्ड हिरवं होतं, आर्टिफॅक्ट तयार होतो. तो एखादी जार फाइल असेल, डीएलएलचा गठ्ठा असेल किंवा जावास्क्रिप्टचं डिस्ट फोल्डर असेल. पुढचे प्रश्न तीनच: हा आर्टिफॅक्ट कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा आणि चालू झाल्यावर त्याने आपल्या फाइली कुठे शोधायच्या? यातल्या एकाचंही उत्तर 'माझ्या लॅपटॉपवर होतं तसं' असं असेल, तर डिप्लॉय फसतो. फसला की वडखळ, नागोठणे, कोलाड करत महामार्गाने रोहा गाठणं आलं, आणि ते बहुधा भर पावसात.

आधी एक सूचना. खाली पाथ देवनागरीत छापले आहेत ते वाचायच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टंकायचे. का, ते पुढे येईल.

मूळ फोल्डर

करा: सर्व्हरवर एकच मूळ फोल्डर ठरवा आणि कोडचे बाकीचे पाथ त्यावरूनच काढा. लिनक्सवर /ऑप्ट/मूर्तिनोंद हे चांगलं घर. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डची २०१५ सालची तिसरी आवृत्तीही बाहेरून आणून बसवलेल्या सॉफ्टवेअरला ऑप्टच देते. कॉन्फिग ईटीसीत, बदलता डेटा व्हार-लिबमध्ये, लॉग व्हार-लॉगमध्ये. नवा माणूस आला तरी न विचारता त्याला सापडतं, एवढ्या एका कारणासाठी हा रिवाज पाळण्यासारखा आहे.

करा: हा मूळ पाथ एकाच जागी लिहा, एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा एका कॉन्फिग फाइलीत. ॲप सुरू होतानाच त्याने तपासावं की फोल्डर आहे का, वाचता येतं का, जिथे लिहायचं तिथे लिहिता येतं का. नसेल तर तिथेच थांबावं आणि कोणता पाथ शोधला तो पूर्ण, मुळापासून छापावा. 'फाइल सापडली नाही' एवढाच संदेश धाटावच्या शिफ्ट सुपरवायझरला काहीच सांगत नाही, आणि त्याने फोनवर वाचून दाखवला तर तुम्हालाही नाही.

टाळा: कोडमध्ये 'सी, युजर्स, स्वतःचं नाव, डेस्कटॉप' असा पाथ. चाचणीपुरताही नको. चाचणीपुरतं लिहिलेलं वर्षानुवर्षं राहतं.

टाळा: 'चालू फोल्डर' गृहीत धरणं. हाताने चालवताना तुम्ही त्या फोल्डरात उभे असता म्हणून 'डेटा/दर' असा सापेक्ष पाथ बरोबर लागतो. तेच ॲप सिस्टिमडीची सर्व्हिस म्हणून लावलं, तर त्याचं चालू फोल्डर सांगितल्याशिवाय थेट रूट असतं. क्रॉनमधून चालवलं, तर ते त्या युजरचं होम असतं. विंडोज सर्व्हिस केली, तर सिस्टिम३२. एकच ओळ अशी तीन ठिकाणी तीन वेगळ्या फाइली शोधते. सर्व्हिसच्या फाइलीत वर्किंग डिरेक्टरी स्पष्ट लिहा, किंवा त्याहून बरं म्हणजे कोडमध्येच मूळ पाथ जोडून पूर्ण पाथ बनवा.

टाळा: झेड ड्राइव्ह. कारखान्यांत हे फार दिसतं. सामायिक फोल्डर झेड म्हणून जोडलेलं असतं, लॉगिन केल्यावर दिसतं, म्हणून कॉन्फिगमध्येही झेडच लिहिलं जातं. पण विंडोजमध्ये ड्राइव्हचं अक्षर लॉगिनपुरतं असतं. सर्व्हिस वेगळ्या खात्याखाली चालते आणि तिच्या लेखी झेड अस्तित्वातच नसतो. दोन उलट्या स्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ लिहा आणि सर्व्हिसच्या खात्याला त्यावर परवानगी द्या.

टाळा: डेटा कोडच्या पोटात. मूर्तींचे फोटो, ग्राहकांनी पाठवलेले नमुने, पावत्यांच्या पीडीएफ हे सगळं ॲपच्या फोल्डरात साठवलं, तर पुढचा डिप्लॉय ते झाडून टाकतो. कोड फेकून पुन्हा आणता येतो, फोटो आणता येत नाहीत.

आर्टिफॅक्ट उचलताना

करा: बिल्डने आपला माल कुठे टाकायचा ते तुम्हीच सांगा. साधनांच्या ठरलेल्या जागा आवृत्तीबरोबर बदलतात. डॉटनेट ८ पासून पब्लिश ही आज्ञा आपणहून रिलीज फोल्डरात लिहिते, त्याआधी ती डीबगमध्ये लिहायची. अँग्युलर १७ च्या नव्या बिल्डरने डिस्टमधल्या प्रकल्पाच्या फोल्डरात आणखी एक ब्राउझर नावाचं फोल्डर घातलं. दोन्ही वेळा कोड तोच होता, बिल्ड हिरवंच होतं, आणि जुन्या पाथवर मात्र आधीचा माल किंवा काहीच नाही.

टाळा: 'बिल्डच्या फोल्डरातली कुठलीही जार' असं तारांकित वर्णन. स्प्रिंग बूट २.५ पासून ग्रेडल दोन जार बनवतो. एक चालणारी, दुसरी नावापुढे प्लेन लावलेली, एकटीने न चालणारी. तारा दोन्ही उचलतो आणि शेवटी कोणती राहील हे नशिबावर. तारांकन वापरायचंच असेल तर नेमकी एकच फाइल मिळाली की नाही ते मोजा. शून्य किंवा दोन मिळाल्या तर पाइपलाइन लाल करा.

गिटहब ॲक्शन्स वापरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी वेगळ्याने. आर्टिफॅक्ट अपलोड करताना एकच पाथ दिला तर आतली रचना एक येते. दुसरा पाथ जोडला की दोन्हींचा सर्वांत जवळचा सामायिक पूर्वज मूळ धरला जातो आणि झिपमधली रचना खोल जाऊ शकते. म्हणजे कुणी निरागसपणे रीडमी जोडली आणि सर्व्हरवरचा पाथ मोडला, असं होऊ शकतं. दुसरं, फाइली सापडल्या नाहीत तर ठरलेलं वागणं फक्त इशारा देण्याचं आहे. तो पर्याय एररवर ठेवा. तिसरं, फाइलींच्या चालवण्याच्या परवानग्या झिपमध्ये टिकत नाहीत, म्हणून आधी टारमध्ये बांधा आणि मग टार अपलोड करा. बिंदूने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली २०२४ पासून आपोआप वगळल्या जातात हेही माहीत असू द्या. एन्व्हची फाइल चुकून आर्टिफॅक्टमध्ये घालणाऱ्यांना ते वरदानच आहे, पण त्यावर विसंबू नका.

करा: हद्द आखा. रोहा स्टेशनात मध्य रेल्वेचा मार्ग संपतो आणि ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे सुरू होते. गाडी तीच पुढे जाते, जबाबदारी बदलते. बिल्ड आणि डिप्लॉय यांच्यामध्येही असं एक ठिकाण हवं. बिल्डचं काम तिथे टार, तिची शा-२५६ बेरीज आणि आतल्या फाइलींची यादी ठेवून संपतं. डिप्लॉय तिथूनच उचलतो, बिल्डच्या पोटात हात घालत नाही. सर्व्हरवर बसून पुन्हा बिल्ड करणं तर नकोच. तपासलेला माल एक आणि चालणारा दुसरा, असं होतं.

नावं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि आपल्याकडे थोडा अधिक. कारण आपली नावं एका लिपीत जन्मतात आणि दुसऱ्या लिपीत टंकली जातात.

करा: फोल्डरांची आणि फाइलींची नावं रोमन छोट्या अक्षरांत, अंकांत आणि आडव्या रेघेत ठेवा. मोकळी जागा नको, मोठं अक्षर नको. विंडोजला आणि नेहमीच्या मॅकला मोठ्या आरचं रोहा आणि छोट्या आरचं रोहा एकच वाटतं. लिनक्सला ती दोन वेगळी गावं. लॅपटॉपवर चाललेलं ॲप सर्व्हरवर 'टेम्प्लेट नाही' म्हणून रडतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. गिटमध्ये नुसतं अक्षर मोठ्याचं छोटं केलं, तर विंडोजवर तो बदल नोंदलाच जात नाही. गिटच्याच नामांतराच्या आज्ञेने करा.

टाळा: पाथमध्ये देवनागरी. ॲपच्या आत, पडद्यावर, डेटाबेसमध्ये मराठी हवीच हवी, त्यावर तडजोड नको. पण डिप्लॉयच्या पाथवर तिचा काही फायदा नाही आणि तोटे मोजता येतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्राही त्यातच मोजायच्या. 'पेण' नऊ बाइट, 'रोहा' बारा. म्हणजे २५५ ऐवजी तुमच्या हाती ८५ चिन्हं. तारीख, गाव आणि गिऱ्हाइकाचं नाव जोडून बनवलेलं अहवालाचं नाव ही मर्यादा सहज ओलांडतं.

त्याहून छुपा त्रास अर्ध्या रचा. 'व्यापाऱ्यांची यादी' हे नाव दोन तऱ्हांनी टंकलं जातं. एका कळफलकावर ते ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन येतं, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. फाइलसिस्टिमला मात्र ती दोन नावं आहेत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. डोळ्यांसमोर फाइल असते आणि प्रोग्राम म्हणतो, नाही. अशा बगवर दिवस घालवण्यापेक्षा पाथमधून मराठी काढलेली बरी.

टाळा: नावाच्या शेवटी बिंदू. सातबाऱ्यातून किंवा ग्रामपंचायतींच्या यादीतून गावं उचलली की 'बु.' आणि 'खु.' येतातच. पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक, विनोबांचं जन्मगाव, यादीत 'गागोदे बु.' होतं. लिनक्स असं फोल्डर निमूट बनवतो. विंडोज शेवटचा बिंदू गपचूप गाळतो, आणि अशी नावं असलेली रिपॉझिटरी तिथे उतरवताना गिट अडतो. पूर्ण शब्द लिहा किंवा बीके, केएच असे बिंदूविना संक्षेप ठेवा.

टाळा: विंडोजने स्वतःसाठी राखलेली नावं. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही नावं फाइलीला देता येत नाहीत. पनवेलजवळच्या कोन गावाचं स्पेलिंग के अक्षराने करतात म्हणून ते वाचलं.

करा: ठिकाणांना बदलणारं नाव नको, सांकेतिक क्रमांक द्या. आपल्या रायगड जिल्ह्याचंच पाहा. १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत त्याचं रोमन स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखं आहे, शेवटी एच लावलेलं. रोहा कुणी रोहे लिहितं. औरंगाबाद आणि अहमदनगर ही नावं पाथमध्ये गुंफलेल्यांना गेल्या काही वर्षांत पुरेसा धडा मिळाला आहे. पिन कोड हा साधा तोडगा: पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९, धाटाव ४०२११६. पुढे तुमचा ग्राहक क्रमांक. गावाचं नाव डेटाबेसमध्ये बदला, फोल्डर जागचं हलत नाही.

विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून जिवंत आहे. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ती उठवता येते, पण ते मुद्दाम सुरू करावं लागतं आणि प्रोग्रामनेही साथ द्यावी लागते. मूळ फोल्डर ड्राइव्हच्या जवळ ठेवा. सी ड्राइव्हखाली एकच पायरी पुरे.

नेऊन ठेवताना

करा: आरसिंकमधला शेवटचा स्लॅश दोनदा वाचा. स्रोताच्या पाथशेवटी स्लॅश असेल तर फोल्डराच्या आतला माल जातो, नसेल तर फोल्डरासकट जातो. मग सर्व्हरवर डिस्टच्या आत डिस्ट तयार होतं आणि ॲप जुनंच दिसत राहतं. डिलीटचा पर्याय जोडला असेल आणि गंतव्याचा पाथ एक पायरी वर गेला, तर नको ते पुसलं जातं. आधी ड्राय रन. नेहमी. सवयीने.

टाळा: चालू फोल्डरावर थेट कॉपी. पावसाळ्यात रायगडात लाइट जाणं ही बातमी नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकेल ते कुणी सांगू शकत नाही. कॉपी अर्ध्यावर तुटली की सर्व्हरवर निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या. असं ॲप कधी चालतं, कधी नाही, आणि हे न चालण्यापेक्षा वाईट.

करा: प्रत्येक आवृत्तीला वेगळं फोल्डर, आणि चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक. कॅपिस्ट्रानोने रुळवलेली ही रचना आहे: रिलीजेस, शेअर्ड आणि करंट. /ऑप्ट/मूर्तिनोंद/रिलीजेस खाली तारीख-वेळेच्या नावाचं फोल्डर तयार करा, माल पूर्ण उतरवा, बेरीज जुळवा, आणि मगच करंट वळवा. मधे लाइट गेली तरी जुनी आवृत्ती शाबूत. गोंधळ झाला तर करंट मागच्या फोल्डराकडे वळवणं हाच रोलबॅक, काही सेकंदांचा. जुन्या पाच आवृत्त्या ठेवा, बाकी झाडा. डिस्क भरली तर नवी उतरणारच नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो बरेच जण सोडतात. सिमलिंक जबरदस्तीने बदलणारी नेहमीची आज्ञा काही आवृत्त्यांत आधी जुनी काढते आणि मग नवी लावते. त्या मधल्या क्षणी करंट नसतंच. नवी सिमलिंक तात्पुरत्या नावाने बनवा आणि तिचं नाव बदलून करंट करा; नाव बदलणं एका झटक्यात होतं. मात्र ते एकाच फाइलसिस्टिमवर. टेम्प वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर तिथून 'हलवणं' म्हणजे कॉपी करून पुसणंच. म्हणून उतरवण्याची तात्पुरती जागाही त्याच मूळ फोल्डराखाली ठेवा.

आणि सिमलिंक वळवली म्हणजे ॲप वळलं असं नाही. जावाची चालू प्रक्रिया जुन्याच फाइली धरून बसते, तिला रीस्टार्ट लागतो. पीएचपी सोडवलेले पाथ सहसा १२० सेकंद लक्षात ठेवतं. विंडोजवर चालू डीएलएलवर लिहिताच येत नाही. आयआयएस असेल तर ॲप-ऑफलाइन नावाची एचटीएम फाइल ठेवून ॲप आधी उतरवा.

धाटावसारख्या ठिकाणी प्लांटचं नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं असणं हे योग्यच. तिथे माल पेनड्राइव्हवरून जातो. तेव्हा:

- टार बांधूनच न्या. पेनड्राइव्ह बहुतेकदा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो. त्यावर लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंका टिकत नाहीत. फॅट३२ वर एक फाइल चार जीबीपलीकडे जात नाही.
- स्क्रिप्टमध्ये ई किंवा एफ ड्राइव्ह लिहू नका. स्क्रिप्ट स्वतः जिथे आहे तिथून पाथ काढा.
- उतरवल्यावर शा-२५६ जुळवा. स्वस्त पेनड्राइव्ह फाइल खराब करतो आणि सांगत नाही.

पायथनचं व्हेंव्ह फोल्डर उचलून नेऊ नका. त्याच्या आत बनवलेल्या जागेचे पूर्ण पाथ कोरलेले असतात. सर्व्हरवर नव्याने बनवा, पॅकेजं मात्र सोबत न्या.

वेबचं थोडक्यात

एन्जिनएक्समध्ये रूट आणि अलायस यांत गल्लत नको. रूट यूआरएल पूर्णच्या पूर्ण मागे जोडतो, अलायस जुळलेला भाग बदलतो. अलायसच्या शेवटी स्लॅश आणि लोकेशनच्या शेवटी नाही, अशी जोडी राहिली तर बाहेरचा माणूस दोन बिंदू टाकून एक फोल्डर वर चढू शकतो. ही फक्त चूक नव्हे, सुरक्षेचं भोक आहे.

रूट म्हणून पब्लिक फोल्डर द्या, प्रकल्पाचं मूळ नको. गिटचं लपलेलं फोल्डर वेबवर उघडं पडलं की सगळा इतिहास बाहेर. ॲप उपपाथवर बसवणार असाल तर व्हाइटला बेस सांगा, नाहीतर पान येतं आणि त्यावरचं सगळं ४०४.

दोन ठिकाणं, एक बिल्ड

पेणच्या ग्राहकासाठी एक बिल्ड आणि रोह्याच्या ग्राहकासाठी दुसरं, हे मला पटत नाही. बिल्ड एकच करा. फरक आहे तो पाथचा, पोर्टचा, प्रिंटरचा. तो त्या त्या सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलीत राहू द्या आणि ती फाइल रिलीज फोल्डराबाहेर, ईटीसीत ठेवा. आर्टिफॅक्टमध्ये कॉन्फिग घातलं, तर एक दिवस पेणच्या मूर्तिशाळेत धाटावच्या कारखान्याचं लेटरहेड छापून येईल.

करा: ॲपचं खातं वेगळं ठेवा. त्याला कोडच्या फोल्डरात लिहायची परवानगी नको, फक्त डेटा आणि लॉगमध्ये.

करा: सर्व्हरशेजारी भिंतीवर एक कागद लावा. मूळ फोल्डर, कॉन्फिग, लॉग, बॅकअप यांचे पूर्ण पाथ, मोठ्या टायपात. पासवर्ड नको. तिथला माणूस फोनवर तेवढं वाचून दाखवू शकला तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

कधी करू नये

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या मूर्तिशाळा वर्षभर चालतात, पण गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत तिथे श्वास घ्यायला वेळ नसतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर त्याच्या कितीतरी आधी निघतात. या काळात दुरुस्ती लागलीच तर करंट वळवून करा. फोल्डरांची रचना, मूळ पाथ, ड्राइव्ह, सर्व्हिसचं खातं यातल्या कशालाही हात लावू नका, कितीही छोटा बदल वाटला तरी. पाथ बदलायचे असतील तर ते मेअखेरीपर्यंत बदला, नाहीतर अनंत चतुर्दशी होऊन जाऊ द्या.